तेवढा माझा फोटो काढा

सासूबाईंनी बावीस वर्षांत जावयाकडे काहीही मागितलं नव्हतं. त्यामुळे ऑफिसला निघालेले तक्तेसाहेब बुटाची नाडी बांधायला वाकले असताना मागून "जावईबापू" अशी हाक आली, तेव्हा आपण बूट घालून पुसलेल्या फरशीवर आलो असणार अशीच त्यांची समजूत झाली. ते तसेच वाकलेले, एका पायावर मागे सरकले.

"जावईबापू, एक काम होतं," सासूबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीतून म्हणाल्या. "तेवढा माझा फोटो काढा. वाढदिवसाला सगळे यायच्या आत."

"फोटो?"

"हो. इतके दिवस बोलले नाही. पण आता पंचाहत्तर पुरी होतील. निदान तेवढं तरी मनासारखं व्हावं."

"काढतो की! नक्की काढतो!"

"आणि माझ्या मुलाला सांगू नका. उगाच वाईट वाटेल त्याला."

एवढं बोलून सासूबाईंनी पुन्हा समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. तक्तेसाहेब जिना उतरले तेव्हा त्यांची एकच नाडी बांधलेली होती आणि छाती मात्र चांगली दोन इंच फुगली होती.

तक्ते हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात ते पंचवीस वर्षं होते आणि टाचणीपासून लिफ्टपर्यंत एकही वस्तू त्यांनी तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय घेतली नव्हती. डावीकडे गुणधर्म, वर पुरवठादार, उजवीकडे शेवटी शेऱ्याचा रकाना. एकदा कचेरीला झाडू हवे होते. झाडूंचा तक्ता पूर्ण होईपर्यंत कचरा इतका साठला की शेवटी फावडी मागवावी लागली, आणि मग फावड्यांचा तक्ता सुरू झाला. लोक त्यांना आधी चेष्टेनं तक्ते म्हणत, मग सवयीनं म्हणू लागले, आणि आता पगारपत्रक सोडलं तर त्यांचं मूळ आडनाव कुठेच उरलं नव्हतं.

घरात फोटोग्राफीचं खातं होतं मेहुण्याकडे. बायकोचा हा धाकटा भाऊ दोन तासांच्या अंतरावरच्या गावी राहायचा, आणि यायचा तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. जेवतानासुद्धा तो काढायचा नाही. त्याची सर्वश्रेष्ठ कलाकृती तक्तेसाहेबांच्या दिवाणखान्यात, खिळा ठोकून, त्यानं स्वतः लावली होती. अर्ध्या दाराएवढी तसबीर, आणि तिच्यात सासूबाई. डोंगरावरच्या वाऱ्यात उभ्या, शिंक येण्याच्या आदल्या क्षणी. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान जराशी कलती. "कँडिड आहे," मेहुणा म्हणाला होता. कँडिड म्हणजे ज्याचा फोटो काढला त्याला विचारलेलं नाही, असा अर्थ तेव्हा सगळ्यांनी काढला. सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांची खुर्ची बरोबर त्या फोटोसमोर होती. तक्तेसाहेबांना तर तीन वर्षांत तो फोटो दिसेनासाच झाला होता, जशी घरातली घड्याळं आणि नात्यातली माणसं दिसेनाशी होतात.

मेहुण्याचं एक वाक्य मात्र ते विसरले नव्हते. कुटुंबाचा ग्रुप फोटो काढायची वेळ आली की तो म्हणायचा, "भावोजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." बावीस वर्षांच्या अल्बमांत तक्तेसाहेबांचं एक कोपर होतं आणि एका ठिकाणी अर्धा चष्मा. असा पट्टीचा फोटोग्राफर पोटचा मुलगा असताना सासूबाईंनी काम सांगितलं होतं ते कोपराला. शिवाय त्याच्यापासून लपवून. बसमध्ये उभ्याउभ्या तक्तेसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी कंडक्टरला उगाचच "कसे आहात?" विचारलं. कंडक्टर घाबरून पुढे निघून गेला.

खिशात मोबाईल होता. त्यानं फोटो निघतो, हे त्यांना माहीत होतं. पण मोबाईलनं फोटो कोणीही काढतो, वॉचमनसुद्धा. सासूबाईंच्या डोळे उघडे असलेल्या पहिल्यावहिल्या फोटोसाठी कॅमेराच हवा होता. आणि कॅमेरा घ्यायचा म्हणजे तक्ता आला.

कचेरीत या विषयातले अधिकारी म्हणजे डिस्पॅचमधले पक्षीमित्र. त्यांच्याकडे एक कॅमेरा आणि पाच लेन्सा होत्या, आणि टपालावर शिक्के मारायला त्यांना वेळ नसायचा. त्यांनी लगेच आपल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. करड्या आभाळावर एक करडी फांदी.

"पक्षी कुठाय?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

"उडाला. पण फांदी बघा! काय शार्प आलीय!"

"वा."

"तक्ते, एक सांगतो, लिहून ठेवा. बॉडीच्या नादी लागू नका. बॉडी आज आहे, उद्या नाही. लेन्स कायम टिकते."

तक्तेसाहेबांनी लिहून घेतलं. त्यांना हे कुठल्यातरी प्रवचनात ऐकल्यासारखं वाटत होतं.

"आणि मुख्य म्हणजे," पक्षीमित्र आवाज खाली आणून म्हणाले, "आधी गरज ठरवा. लोक कॅमेरा घेतात आणि मग गरज शोधत फिरतात. माझंच बघा ना. मला पक्षी आवडायचेच नाहीत. ही मोठी लेन्स घेतली, मग काय करणार?"

गरज ठरवण्यासाठी तक्तेसाहेब शनिवारी बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार काचेमागे बसून लेन्सवर फुंकर मारत होता.

"काय काढायचंय?"

"फोटो."

"ते झालं हो. पण कशाचे? पक्षी, खेळ, डोंगर, किडे?"

तक्तेसाहेबांनी यादी नीट ऐकून घेतली आणि सासूबाई यांतल्या कशात बसतात याचा प्रामाणिक विचार केला.

"सासूबाईंचे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे पोर्ट्रेट. सब्जेक्ट हलतो का?"

"गुडघ्यांचा त्रास आहे. खुर्चीतून उठायलाच पाच मिनिटं लागतात."

"मग स्पीड कमी असला तरी चालेल. अंतर किती? सब्जेक्टपासून तुम्ही साधारण किती लांब उभे राहता?"

"बावीस वर्षं आठ-दहा फुटांवरूनच बोलतोय."

"थोडा झूम लागेल मग. सुरकुत्या दिसायला हव्यात की नकोत?"

"ते त्यांना विचारावं लागेल."

"नका विचारू," दुकानदार पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला. "तीस वर्षं या धंद्यात आहे. ते विचारून कुणाचं भलं झालेलं नाही."

मग त्यानं मेगापिक्सेल, सेन्सर, आरसा असलेले आणि आरसा नसलेले अशी एकेक भानगड काढली, आणि तक्तेसाहेब सात पत्रकं घेऊन घरी आले. पुढचे दोन आठवडे त्यांनी ज्या निष्ठेनं काम केलं, तेवढी निष्ठा कचेरीला कधी लाभली नव्हती. तक्त्यात अकरा कॅमेरे आले आणि चौतीस गुणधर्म. एक कॅमेरा पाण्याखाली तीस फुटांपर्यंत चालत होता. सासूबाई तीस फूट पाण्याखाली जातील असं दिसत नव्हतं, पण रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी 'तूर्त आवश्यकता नाही' असं लिहिलं. 'तूर्त' हा शब्द त्यांनी पंचवीस वर्षांत कधी सोडला नव्हता.

सासूबाई रोज सकाळी विचारायच्या.

"झालं का जावईबापू?"

"प्रक्रिया चालू आहे."

"प्रक्रिया कसली त्यात? पाच मिनिटांचं काम."

"असं कसं? नीट व्हायला हवं. एकदा काढला की कायमचा."

"कायमचाच काढा," सासूबाई अगदी मनापासून म्हणायच्या.

एका रविवारी तक्तेसाहेबांनी टेप आणून खुर्ची ते खिडकी आणि खिडकी ते सासूबाईंचं नाक अशी मापं घेतली. सासूबाईंनी ती घेऊ दिली. मग थोडा वेळ त्या जावयाकडे काळजीनं बघत राहिल्या.

"तुम्हाला जमत नसेल तर वॉचमनला सांगू का? तो दोन मिनिटांत काढेल."

हे तक्तेसाहेबांच्या जिव्हारी लागलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आणि संध्याकाळी त्यांनी तक्त्याच्या तळाशी सही ठोकून निर्णय घेतला. निवडलेल्या कॅमेऱ्याची लेन्स दुकानात होती, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, मात्र मागवावी लागणार होती. दुकानदारानं चार दिवसांचा वायदा केला. वाढदिवस पुढच्या शनिवारी होता.

गुरुवार उजाडला तरी बॉडीचा पत्ता नव्हता. सकाळी नऊ वाजता तक्तेबाई आईला घेऊन इस्पितळात गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या. सासूबाईंना टॅक्सीत बसवायला दोघं लागली. टॅक्सी गेल्यावर तक्तेसाहेब जिन्याच्या वळणावर आले, कारण घरात मोबाईलला रेंज नसायची, आणि त्यांनी दुकानात फोन लावला. वरच्या मजल्यावरच्या बाई त्याच वेळी भाजीची पिशवी घेऊन खाली निघाल्या होत्या. या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी तास घ्यायची सवय सुटली नव्हती, तेव्हा हल्ली त्या इमारतीचे तास घेत. खालून बोलण्याचा आवाज आला तशा त्या जागीच थांबल्या. चोरून ऐकणं त्यांना मुळीच आवडत नसे. त्या फक्त लक्ष देऊन ऐकत.

"बॉडी अजून मिळाली नाही?" तक्तेसाहेब फोनवर म्हणत होते. "अहो, शनिवारच्या आत सासूबाईंचं सगळं उरकायचंय मला!"

मुख्याध्यापिकाबाईंनी कठडा धरला.

"आली? मग आधी सांगायचं ना! मी आत्ताच येतो ताब्यात घ्यायला. कागदपत्रं काय लागतील? ... हो, नंबर ताडून बघा नीट. बदलून दुसरीच गळ्यात पडायला नको. ... नाही, घरी अजून कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. ... अहो, पोचवायची व्यवस्था नको, मीच घेऊन जाईन. जड नाहीये ना फार?"

फोन ठेवून तक्तेसाहेब शीळ घालत खाली गेले. त्या शिळेनं बाईंच्या अंगावर काटा आला. सकाळी म्हाताऱ्या बाईंना दोघांनी धरून टॅक्सीत घातल्याचं त्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं. आणि आता हा माणूस, बायकोला न सांगता, शीळ घालत निघाला होता. तीस वर्षं त्यांनी मुलांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःची चूक होऊ शकते ही शक्यता त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हती.

त्यांनी आधी तक्तेबाईंना फोन केला. तो बंद होता. इस्पितळात मोबाईल बंद ठेवा ही पाटी सगळे वाचतात, पण तक्तेबाई ती पाळतात. मग बाईंनी मेहुण्याला फोन लावला. त्याचा नंबर त्यांच्याकडे होता, कारण एकदा त्यानं गाडी चुकीच्या जागी लावली होती. मेहुणा आहे तसा गाडीत बसला, बायकोलाही घेतलं, आणि अर्ध्या रस्त्यात थोडा सावरल्यावर त्यानं तक्तेसाहेबांना फोन केला. तक्तेसाहेब तेव्हा मांडीवर खोका घेऊन बसमध्ये बसले होते. भोवती पत्र्याचा खडखडाट चालला होता.

"भावोजी, हे काय ऐकतोय मी?"

तक्तेसाहेबांचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या वरच्या बाईंनी! एवढी मोठी गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवलीत?"

"अरे, आईंचीच तशी इच्छा होती. मुलाला सांगू नका म्हणाल्या. वाईट वाटेल त्याला."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मेहुण्याला एवढं लागेल असं तक्तेसाहेबांना वाटलं नव्हतं. मनातून थोडं बरंही वाटलं, ते त्यांनी दाबलं.

"शनिवारी सगळे जमले की सांगणारच होतो रे. सरप्राइज म्हणून."

"सरप्राइज?"

"मन मोठं कर जरा. हे बघ, बॉडी आत्ताच ताब्यात घेतली. घरीच आणतोय."

"कशानं आणताय?"

"बसनं."

"बसनं!"

"गर्दी नाहीये. मांडीवर घेऊन बसलोय."

फोन कट झाला. माणसाला दुसऱ्याचं भलं बघवत नाही, असं मनाशी म्हणत तक्तेसाहेबांनी खोका आणखी जवळ ओढला.

इकडे घरात मुख्याध्यापिकाबाईंनी कारभार हातात घेतला होता. शेजारधर्म म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांनी सोफ्यावर पांढरी चादर घातली, चारही मजल्यांना निरोप दिले, कुणी फुलं आणायची आणि कुणी थर्मासभर चहा, याची वाटणी केली. बारा वाजता मेहुणा आणि त्याची बायको येऊन पोचली. मेहुणा दारातच कोसळायच्या बेतात होता.

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी तो फोटो काढा भिंतीवरचा. खाली टेबलावर ठेवू."

मेहुणा स्टुलावर चढला, आपल्याच हातानं ठोकलेल्या खिळ्यावरून त्यानं आपल्याच हातानं तसबीर उतरवली. एक मिनिटही लागलं नाही. टेबलावर फोटो, फोटोपुढे फुलं, आणि भोवती चार मजल्यांचे शेजारी मान खाली घालून. फोटोतल्या सासूबाई डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून पडल्यासारख्या दिसत होत्या. प्रसंगाला इतका साजेसा फोटो दुसरा कुठला मिळाला नसता.

साडेबाराला तक्तेसाहेब दारात उभे राहिले. छातीशी खोका, चेहऱ्यावर हसू. आतली सगळी माणसं उठली आणि खोक्याकडे बघत राहिली. दार अर्धं उघडं असल्यामुळे टेबल त्यांना दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, मेहुण्यानं गावभर बोंब मारून लोकांना कॅमेरा बघायला बोलावलं.

"एवढ्यात सगळं उरकलंसुद्धा?" तळमजल्यावरचे एक गृहस्थ कसेबसे म्हणाले.

"उरकलं. रांगच नव्हती."

"भावोजी," मेहुणा पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आई..."

"अरे, त्या गेल्यात."

"ते माहितीये हो!"

"मग येतील एवढ्यात."

यावर मेहुण्याच्या बायकोनं चादरीवर बसून घेतलं. मुख्याध्यापिकाबाई मात्र डगमगल्या नाहीत. वर्गात गोंधळ झाला की मुद्द्याचा प्रश्न विचारायचा, हे त्यांना माहीत होतं.

"बॉडी कुठे आहे?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"ही काय!" तक्तेसाहेबांनी खोका उंच धरला. "लेन्स पिशवीत आहे."

पहिल्यांदा मेहुण्याच्या डोक्यात काहीतरी हललं. त्यानं खोक्यावरचं चित्र पाहिलं, मग तक्तेसाहेबांकडे पाहिलं, मग पुन्हा खोक्याकडे. तो काही बोलणार, एवढ्यात जिन्यावर काठीची टकटक ऐकू आली. टकटक वर आली, दारात थांबली, आणि लेकीच्या खांद्यावर हात टेकून सासूबाई आत आल्या.

कुणीतरी किंचाळलं. थर्मास पडला. मुख्याध्यापिकाबाई आयुष्यात पहिल्यांदा अडखळत म्हणाल्या, "तुम्ही... कशा?"

"जरा बराय आता गुडघा," सासूबाई म्हणाल्या. जमलेल्या माणसांकडे, फुलांकडे, हमसून रडायला लागलेल्या मुलाकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं. त्या समोर बघत होत्या. भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्या खाली रंग न उडालेला मोठा चौकोन. दुसरं काही नव्हतं.

"अगंबाई!" सासूबाईंनी खिळ्याकडे काठी रोखली. "काढलात! जावईबापू, काढलात एकदाचा!"

"अजून कुठे?" तक्तेसाहेब म्हणाले. "आत्ता तर कॅमेरा..."

"तीन आठवडे झाले सांगून. मला वाटलं, जावईबापू नुसते माझ्या नाकापर्यंत मापं घेत बसणार. पण केलंत हो काम! पाहुणे यायच्या आत!"

तक्तेसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याकडे पाहिलं. शेजारी ठेवलेल्या स्टुलाकडे पाहिलं. चौतीस गुणधर्म आणि अकरा कॅमेरे एकापाठोपाठ एक त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. गरज एका स्टुलाची होती, आणि स्टूल घरातच होतं.

"आई," मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "तुला आवडत नव्हता तो फोटो?"

"अरे, मी मेल्यासारखी दिसते त्यात! सकाळ-संध्याकाळ समोर तेच बघायचं. तुला वाईट वाटेल म्हणून तीन वर्षं गप्प राहिले."

"तरीच सगळ्यांना पटलं," तक्तेबाई टेबलावरच्या फोटोकडे आणि त्यापुढच्या फुलांकडे बघत म्हणाल्या. बाईंनी कुणाला काय सांगितलं, तक्तेसाहेबांनी जिन्यावर काय बोलणं केलं आणि बसमध्ये मांडीवर काय होतं, याचा उलगडा व्हायला पंधरा मिनिटं लागली. सगळं ऐकून सासूबाईंना हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग त्या खुर्चीत मागे रेलून अशा हसल्या की लेकसुद्धा बघत राहिली. "बसनं!" त्या मध्येच म्हणायच्या. "मांडीवर घेऊन!" आणि पुन्हा हसायच्या. डोळे सताड उघडे, चमकणारे, पाण्यानं भरलेले.

"कॅमेरा काढा!" मेहुणा ओरडला. "भावोजी, आत्ता! असा फोटो पुन्हा मिळणार नाही!"

तक्तेसाहेबांनी घाईघाईनं पिशवीतून लेन्स काढली. त्यांनी खोका फोडला, थर्मोकोल बाजूला केला, बॉडीला लेन्स लावली. आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्यानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुस्तिका उघडली. 'प्रथम वापरापूर्वी बॅटरी चार तास चार्ज करावी. मेमरी कार्ड सोबत दिलेले नाही.' चौतीस गुणधर्मांत हे दोन राहून गेले होते. पुस्तिका डोळ्यांजवळ धरून वाचत वाचत ते उजेडासाठी सासूबाईंच्या खुर्चीमागे सरकले.

तेवढ्यात तक्तेबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, चालू केला, आणि फारसा विचार न करता एकदा टिचकी मारली.

फोटो अप्रतिम आला. तसं मेहुण्यानंच कबूल केलं, आणि दुसऱ्यानं काढलेल्या फोटोबद्दल असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी वाढदिवसाला तो अर्ध्या दाराएवढी तसबीर घेऊनच आला. त्यानं ती त्याच खिळ्याला अडकवली. सासूबाई मधोमध खुर्चीत, डोळे उघडे, तोंडभर हसत. मनासारखा फोटो बघून त्यांना भरून आलं. त्यांनी जावयाला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. तक्तेसाहेबांनाही भरून आलं. पंगत बसली, हशा झाला, मुख्याध्यापिकाबाईंनी 'ऐकण्यातील अचूकता' या विषयावर चार शब्द सांगितले.

पाहुणे गेल्यावर तक्तेसाहेब रिकाम्या दिवाणखान्यात एकटेच फोटोपुढे उभे राहिले. अल्बमांत बावीस वर्षं न मिळालेली जागा त्यांना शेवटी मिळाली होती. सासूबाईंच्या अगदी मागे, फ्रेमच्या बरोबर मध्ये, ते पूर्ण दिसत होते. पुस्तिका नाकाला टेकलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान जराशी कलती. मेहुण्यानं अर्थातच विचारलं नव्हतं. सासूबाई खुर्चीतून रोज ते बघणार होत्या आणि रोज हसणार होत्या.

दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांनी कळ काढली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हळूच म्हणाले,

"अगं, ऐक ना. तेवढा माझा फोटो काढ."

तक्तेबाई ओले हात पदराला पुसत लगबगीनं बाहेर आल्या.

"इतकंच ना? उभे राहा खिडकीपाशी. मोबाईल आणते."